साहेब रजेवर असले की सही कुणाची चालते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या पत्रांत आणि मेलमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, मोठ्या सरकारी अधिकाऱ्याचा 'डेप्युटी' म्हणजे नक्की कोण, त्याला नेमतं कोण आणि त्याच्या सहीला किंमत किती. म्हणून पेन्शन आणि जातपडताळणीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत, राग मानू नका, आणि हे सगळे एकदम घेतोय.

प्रश्न (सातारा): आमच्या फेरफाराच्या वादात प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) हरलो म्हणून वर अपील केलं. जिल्हाधिकारी ट्रेनिंगसाठी मसुरीला गेलेले आणि निकाल दिला अपर जिल्हाधिकाऱ्यांनी, तोही आमच्या विरुद्ध. भावकीतले म्हणतात कलेक्टर जागेवरच नव्हते तर हा निकाल टिकतच नाही, सरळ हायकोर्टात जा. खरंय का?

उत्तर: भावकीचं ऐकून वकिलाची फी भरायच्या आधी आदेशाचं शेवटचं पान काढा आणि सही कुठल्या पदनामाखाली आहे ते बघा. कारण अपर जिल्हाधिकारी हा काही साहेब नसताना खुर्ची सांभाळायला बसवलेला माणूस नसतो. जमीन महसूल संहितेत, म्हणजे १९६६ च्या कायद्यात, ते वेगळं पद आहे, सरकार स्वतः नेमतं आणि जिल्हाधिकाऱ्याचे कुठले अधिकार त्यानं वापरायचे ते अधिसूचना काढून ठरवतं, त्यामुळे अपिलं ऐकायचे अधिकार त्यांना दिलेले असतील तर जिल्हाधिकारी मसुरीला असोत नाहीतर शेजारच्या केबिनमध्ये चहा पीत असोत, काही फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट त्याच संहितेच्या कलम १० मध्ये आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. जिल्हाधिकारी आजारी पडले, जिल्ह्याबाहेर गेले, बदली होऊन गेले किंवा वारले, तर सरकारनं दुसरी काही सोय केलेली नसेल तेव्हा अपर जिल्हाधिकारी आपोआप तात्पुरते त्या जागी येतात, आणि अपर जिल्हाधिकारीच नसतील तर जिल्ह्यातला सगळ्यात वरिष्ठ सहायक किंवा उपजिल्हाधिकारी येतो, आणि नवा माणूस रुजू होईपर्यंत किंवा जुने परत येईपर्यंत कारभार त्याच्याकडे असतो. तहसीलदारासाठीही अशीच रांग लावून दिलीय. म्हणजे खुर्ची एक दिवससुद्धा रिकामी राहू नये याची काळजी कायदा करणाऱ्यांनी आधीच घेऊन ठेवलीय, जमिनीच्या कामात ते गरजेचंच आहे.

आता भावकी अगदीच हवेत बोलतेय असंही नाही. सुप्रीम कोर्टाचा १९६५ चा अजायब सिंग खटल्याचा निकाल आहे, पंजाबातला. तिथं जिल्हा दंडाधिकाऱ्याची बदली झाली आणि अतिरिक्त दंडाधिकारी त्यांचं काम बघत होता, त्यानं भारत संरक्षण नियमांखाली एका माणसाला स्थानबद्ध केलं. कोर्ट म्हणालं की हा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या खालच्या कुणाला देताच येत नव्हता आणि तुम्ही त्यांचं टेबल सांभाळत होतात म्हणून तुम्ही ते झाला नाहीत, आदेश रद्द. तर मुद्दा असा की कायदा अधिकार कुणाला देतो ते बघायचं, माणूस कुठल्या खुर्चीत बसलाय ते नाही. पण याच्या उलट बाजूचाही निकाल आहे, १९८१ चा गोकाराजू रंगराजू खटला, त्यात न्यायाधीशांच्या नेमणुकाच पुढे बेकायदा ठरल्या तरी त्यांनी आधी दिलेले निकाल टिकले, कारण ते त्या पदावर रीतसर नेमलेले म्हणून बसले होते आणि लोकांनी तसंच मानलं होतं. नेमणुकीत खोट निघणं वेगळं आणि अधिकारच नसणं वेगळं, तुमच्या वकिलाला हा फरक विचारा, तो गडबडला तर वकील बदला.

तुमच्या केसमध्ये मी बघेन ते वेगळंच. सुनावणी कुणासमोर झाली? तारखांना जिल्हाधिकारी बसले, युक्तिवाद त्यांनी ऐकला आणि नंतर निकालावर सही अपर जिल्हाधिकाऱ्यांची, असं झालं असेल तर तुमच्याकडे चांगला मुद्दा आहे, कारण ऐकणारा एक आणि ठरवणारा दुसरा हे चालत नाही, सुप्रीम कोर्टानं १९५९ मध्येच आंध्रच्या बस राष्ट्रीयीकरणाच्या प्रकरणात हे सांगून ठेवलंय. आणि सहीच्या खाली 'जिल्हाधिकारी करिता' असा शिक्का असेल तर अजून बारकाईनं बघा. साध्या पत्रव्यवहारावर 'करिता' चालतं, स्मरणपत्रं आणि अहवाल मागवणं यावर रोज मारतात तो शिक्का, पण दोन पक्षांचं भांडण ऐकून दिलेल्या निकालावर 'करिता' असेल तर निकाल नेमका कुणी दिला हा प्रश्न उभा राहतो. रोजनाम्याची नक्कल काढा, त्यात प्रत्येक तारखेला कोण होतं ते लिहिलेलं असतं. आणि हे सगळं करताना पुढच्या अपिलाची मुदत चालू आहे हे विसरू नका.

प्रश्न (पुण्यात राज्यसेवेचा अभ्यास करणारी): उपजिल्हाधिकारी झाले तर मी जिल्हाधिकाऱ्यांची डेप्युटी, म्हणजे दोन नंबरची, असंच घरी सगळ्यांना वाटतंय. आईनं तर नातेवाइकांना सांगूनही टाकलंय.

उत्तर: आईला सांगू दे, पण तुम्ही नीट समजून घ्या. एका जिल्ह्यात उपजिल्हाधिकारी दर्जाचे बरेच अधिकारी असतात, कुणी प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी, कुणाकडे भूसंपादन, कुणाकडे निवडणूक, कुणाकडे रोजगार हमी, कुणाकडे पुनर्वसन. हे सगळे डेप्युटी कलेक्टर आणि यातला कुणीच त्या अर्थानं कलेक्टरचा डेप्युटी नाही. 'उप' हा तिथं दर्जा आहे, पगाराचा आणि संवर्गाचा. प्रत्यक्षात दोन नंबरसारखं काम ज्याच्याकडे येतं तो निवासी उपजिल्हाधिकारी, आरडीसी म्हणतात त्याला, कार्यालयाचा सगळा गाडा तो ओढतो, कायदा सुव्यवस्थेचे फोन, मंत्र्यांचे दौरे, मोर्चेवाल्यांचं निवेदन घ्यायला खाली जाणं, सगळं त्याच्याकडे. पण साहेब नसताना कायद्यानं खुर्ची मिळते ती वर सांगितलं तशी अपर जिल्हाधिकाऱ्याला.

जिल्हा परिषदेत तर ही गंमत अजून स्पष्ट दिसते. उपमुख्य कार्यकारी अधिकारी तिथं तीन तीन असतात, सामान्य प्रशासनाचा एक, ग्रामपंचायतीचा एक, महिला बालकल्याणाचा एक, प्रत्येक जण आपापल्या विभागाचा प्रमुख, आणि सीईओनंतरचा माणूस असतो तो अतिरिक्त मुख्य कार्यकारी अधिकारी. मंत्रालयातही तेच, उपसचिव म्हणजे सचिवाचा बदली माणूस नाही. अवर सचिव, उपसचिव, सहसचिव ही शिडी आहे आणि सचिव रजेवर गेले की बहुतेक वेळा दुसऱ्याच विभागाच्या सचिवाकडे अतिरिक्त कार्यभार जातो, स्वतःच्याच उपसचिवाकडे नाही. दिल्लीतही, राजिंदर खन्ना २०१८ पासून राष्ट्रीय सुरक्षा उपसल्लागार होते आणि जुलै २०२४ मध्ये त्यांना अतिरिक्त राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार केलं तेव्हा ती बढती होती. सरकारी भाषेत 'अपर' किंवा 'अतिरिक्त' हे साधारणपणे 'उप' च्या वरचं, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे गोंधळ संपतात.

पोस्ट मात्र सोडू नका. नियमाप्रमाणे उपजिल्हाधिकारी म्हणून ८ वर्षं झाली की आयएएसमध्ये बढतीसाठी नाव विचारात घेता येतं, आणि आयएएसच्या वरिष्ठ जागांपैकी एक तृतीयांश बढतीनं भरतात. प्रत्यक्षात ८ ची कितीतरी जास्त होतात, सेवाज्येष्ठतेच्या याद्यांवरची भांडणं मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, आणि पुढे कोर्टात पडून असतात त्यामुळे.

प्रश्न (नाशिक, बँकेतून निवृत्त): मोठ्या अधिकाऱ्याला स्वतःचा डेप्युटी निवडता येतो का? माझ्या मते यायला पाहिजे, नाहीतर वरून लादलेला माणूस पाय ओढतो.

उत्तर: तुमच्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण याला एक उत्तरच नाही. तुम्ही बँकवाले म्हणून रिझर्व्ह बँकेपासून सुरू करू. १९३४ च्या कायद्यानं जास्तीत जास्त ४ डेप्युटी गव्हर्नर, आणि नेमणार केंद्र सरकार, गव्हर्नर नाही. मुदत सरकार ठरवेल ती पण एका वेळी ५ वर्षांपेक्षा जास्त नाही, परत नेमता येतं. नावं येतात कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या शोध समितीकडून आणि शिक्कामोर्तब मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीचं. चारपैकी दोघं बँकेच्या आतले, एक व्यापारी बँकेतून आलेला, एक अर्थतज्ज्ञ, ही वाटणी कायद्यात कुठंच नाही पण वर्षानुवर्षं पाळतात. म्हणजे निवडीत गव्हर्नरचा हात आखडलेला. पण खरी मेख पुढं आहे. डेप्युटी गव्हर्नर केंद्रीय संचालक मंडळाच्या बैठकीत बसतात पण त्यांना मत नाही, मत कधी तर गव्हर्नर गैरहजर असताना आणि त्यांनी लेखी अधिकार दिला असेल तरच. आणि आपण नसताना चौघांपैकी कारभार कुणी बघायचा तेही गव्हर्नरच नेमून देतो. तर माणूस निवडतं सरकार आणि त्या माणसाला गैरहजेरीतलं बळ देतो गव्हर्नर, ही विभागणी मला स्वतःला फार शहाणपणाची वाटते. लादलेला असला तरी पाय ओढायला त्याच्या हातात दोरी येत नाही.

याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे चिंतामणराव देशमुख. १९४१ मध्ये ते डेप्युटी गव्हर्नर झाले, १७ फेब्रुवारी १९४३ ला गव्हर्नर सर जेम्स टेलर अचानक वारले, आणि देशमुखांना कायमची नेमणूक मिळाली ११ ऑगस्टला, पहिले भारतीय गव्हर्नर. मधले जवळजवळ सहा महिने, महायुद्ध चालू, बंगालमध्ये दुष्काळ, महागाई भडकलेली, आणि बँक डेप्युटीच्या हातात. डेप्युटी नेमताना हा माणूस उद्या सकाळी खुर्चीवर बसू शकेल का हा विचार करायला लागतो तो यासाठी, मर्जीतला माणूस नेमून ठेवला असता तर त्या सहा महिन्यांत काय झालं असतं कोण जाणे.

आता दुसरं टोक. आपल्या राज्याचा १९७१ चा लोकायुक्त आणि उपलोकायुक्त कायदा बघा, मंत्री आणि अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी तपासणारी ही पदं. लोकायुक्त नेमताना राज्यपालांनी उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींचा आणि विरोधी पक्षनेत्याचा सल्ला घ्यायचा, पण उपलोकायुक्त नेमताना सल्ला कुणाचा, तर लोकायुक्ताचा. म्हणजे इथं वरच्याला विचारल्याशिवाय हाताखालचा येत नाही. आणि लगेच दुसऱ्या बाजूनं पाचर मारलीय की उपलोकायुक्तावर प्रशासकीय नियंत्रण लोकायुक्ताचं, कामाची वाटणी तो सांगेल, पण उपलोकायुक्तानं चौकशी करून जो निष्कर्ष काढला त्यात लोकायुक्ताला हात घालता येणार नाही. डेप्युटी असा पाहिजे की जो हाताखाली आहे पण मिंधा नाही, आणि हे कायद्यात लिहिणं सोपं नसतं, त्या मसुद्यावाल्यांनी एका परंतुकात ते बसवलंय.

आणि साहेबाला पूर्ण मोकळीक दिली की काय होतं तेही सांगतो. टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना सरकारनं ऑक्टोबर १९९३ मध्ये एम. एस. गिल आणि जी. व्ही. जी. कृष्णमूर्ती असे दोन निवडणूक आयुक्त आणून बसवले. शेषनना ते अजिबात पटलं नाही, प्रकरण सुप्रीम कोर्टात. कोर्टात असतानाच शेषन परदेशी गेले आणि जाताना चार्ज दिला कुणाकडे, तर या दोन घटनात्मक आयुक्तांपैकी कुणाकडेच नाही, कार्यालयातल्या उपनिवडणूक आयुक्ताकडे, जो सरकारी अधिकारी असतो, घटनेतलं पद नाही. शेवटी कोर्टालाच सांगावं लागलं की शेषन नसताना गिल बघतील. १४ जुलै १९९५ ला अंतिम निकाल आला आणि तीन सदस्यांचा आयोग कायम राहिला. शेषनबद्दल मला खूप आदर आहे, पण त्या एका चार्जच्या चिठ्ठीत त्यांचा सगळा हट्ट दिसतो. तुम्ही म्हणता तशी निवड पूर्ण साहेबाच्या हातात दिली की तो बहुतेक वेळा आपल्याला आव्हान न देणारा माणूस शोधतो, शेषन काय आणि कुठलाही विभागप्रमुख काय.

म्हणून माझं मत विचाराल तर साहेबाचा सल्ला घ्यावा, नकाराधिकार देऊ नये.

प्रश्न (नागपूर, केंद्र सरकारी कार्यालय, नाव छापू नका): आमचे प्रमुख निवृत्त झाले, नवीन कुणी येईना, आणि मला तोंडी सांगितलं की तुम्ही बघा. दोन कामं करतोय, पगार एकच. ॲडिशनल पे मिळेल का? आणि एवढं सांभाळल्यावर प्रमोशनला हक्क सांगता येईल का?

उत्तर: तोंडी सांगितलं? मग सगळ्यात आधी आज संध्याकाळच्या आत लेखी मागा. नम्रपणे मागा, पण मागा. ज्या दिवशी ऑडिट येईल त्या दिवशी 'तुम्ही बघा' म्हणणारा माणूस दुसऱ्या शहरात असेल आणि सह्या तुमच्या असतील.

पैशाचं असं आहे की केंद्र सरकारी नोकरांच्या मूलभूत नियमांतला ४९ वा नियम वाचा. आदेशात शब्द काय येतो त्यावर सगळं आहे. 'करंट चार्ज ऑफ रूटीन ड्यूटीज', म्हणजे फक्त दैनंदिन कामकाज, असं लिहिलं तर एक पैसा जास्त मिळत नाही, नियमातच तसं आहे. 'फुल चार्ज' साठी रीतसर नेमणूक झाली आणि ते पद त्याच कार्यालयात, तुमच्याच बढतीच्या रांगेतलं वरचं असेल, तर त्या वरच्या पदावर काम करताना मिळाला असता तो पगार मिळू शकतो पण जुन्या कामाचे वेगळे नाहीत. आणि दुसऱ्याच कार्यालयाचा किंवा वेगळ्या संवर्गाचा पूर्ण कार्यभार दिला तर त्या पदाच्या गृहीत वेतनाच्या १० टक्क्यांपर्यंत, तेही कार्यभार ४५ दिवसांपेक्षा जास्त चालला तर, आणि ३ महिन्यांच्या पुढे गेला की अर्थ मंत्रालयाची संमती लागते. आता तुमच्या लक्षात येईल की आदेश लिहिणारे 'रूटीन ड्यूटीज' च का लिहितात आणि ४४ व्या दिवशी चार्ज दुसऱ्याकडे का फिरवतात. हे चुकून होत नाही.

प्रमोशनचं विसरा. हरियाणाच्या एका अभियंत्याकडून कार्यकारी अभियंत्याचा करंट ड्यूटी चार्ज काढून घेतला, तो कोर्टात गेला, आणि सुप्रीम कोर्टानं १९९३ मध्ये सांगितलं की असा चार्ज म्हणजे बढती नाही, दिला म्हणून हक्क तयार होत नाही आणि काढला म्हणून अन्याय होत नाही. सीआरमध्ये, म्हणजे गोपनीय अहवालात, चांगली नोंद होईल एवढंच.

लेखी आदेश आला की त्यात तीन चार गोष्टी आहेत का बघा, आर्थिक अधिकार किती रकमेपर्यंत, शिस्तभंगाची कारवाई सुरू करता येईल का, आहरण आणि संवितरणाचे, म्हणजे बिलं काढून पैसे वाटायचे (डीडीओचे), अधिकार आहेत का, आणि मुदत कधीपर्यंत. डीडीओचे अधिकार दिले असतील तर तुमची नमुना सही पे अँड अकाउंट्स ऑफिसला पोचल्याशिवाय एकही बिल पुढं ढकलू नका, कारण स्टाफचा पगार अडकला की शिव्या प्रमुखाला नाही, तुम्हाला. आणि चार्ज घेताना गाडीची लॉगबुक, कपाटाच्या किल्ल्या, कोर्ट केसेसच्या पुढच्या तारखा, हे सगळं चार्ज रिपोर्टला जोडा. निवृत्त झालेल्या साहेबांना फोन करून 'ती फाइल कुठंय' विचारणं दोन महिन्यांनी फार अवघड होतं.

प्रश्न (अमरावती): पोलीस महासंचालकाचं पद रिकामं झालं की कुणालातरी प्रभारी का करतात? हे कायदेशीर आहे?

उत्तर: नाही. ३ जुलै २०१८ ला सुप्रीम कोर्टानं पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंग प्रकरणात (मूळ निकाल २००६ चा) स्पष्टच सांगितलं की प्रभारी डीजीपी अशी काही संकल्पनाच नाही, राज्यांनी तसा विचारही करू नये, नावं वेळेत यूपीएससीकडे पाठवा आणि तिच्या यादीतून नेमा. तरी राज्यं करतातच. आपल्याकडे २०२१ मध्ये अतिरिक्त कार्यभारावर महासंचालक होते, विषय मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रजनीश सेठ यांची नियमित नेमणूक झाली. सरकारांना प्रभारी माणूस का आवडतो हे उघड आहे, नियमित माणसाला किमान दोन वर्षं हलवता येत नाही आणि प्रभारीला एका ओळीच्या आदेशानं उद्या घरी पाठवता येतं, ऐकणारच तो.

अमेरिकेत यासाठी १९९८ चा एक सरसकट कायदा आहे, मोठं पद रिकामं झालं की त्याचा पहिला सहायक आपोआप हंगामी होतो, राष्ट्राध्यक्षाला दुसरा पात्र माणूस नेमायची मुभा आहे, पण हंगामीपणाला साधारण २१० दिवसांची मर्यादा. त्यातूनही तिथं पळवाटा काढतात, पण घड्याळ तरी लावलंय. आपल्याकडे पदापदाचा वेगळा कायदा आणि घड्याळ बहुतेक ठिकाणी नाही. लोकसभेचं उपाध्यक्षपदच बघा ना, घटनेचं कलम ९३ म्हणतं शक्य तितक्या लवकर निवडा, आणि १७ वी लोकसभा, २०१९ ते २०२४, अख्खी त्याच्याशिवाय संपली. 'शक्य तितक्या लवकर' ची पाच वर्षं झाली.

प्रश्न (लातूर): जीआरवर (शासन निर्णयावर) सही उपसचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची असते. निर्णय मंत्र्यांचा, मग खालच्या माणसाची सही का? उद्या कुणी म्हणालं की यांना अधिकार नव्हता तर?

उत्तर: घटनेचं कलम १६६. राज्य सरकारचे आदेश राज्यपालांच्या नावानं निघतात आणि ते खरे आहेत हे प्रमाणित कुणी करायचं ते नियमांनी ठरवलेलं असतं, त्यात उपसचिव, अवर सचिव, कक्ष अधिकारी येतात. सहीच्या वर ती ओळ बघा, 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. ही ओळ असेल आणि सही नियमाप्रमाणे असेल तर हा आदेश राज्यपालांनी काढलेलाच नाही असा वाद घालता येत नाही. सही करणारा निर्णय घेत नाही, निर्णय झालाय याची ग्वाही देतो. निर्णयच चुकीचा आहे असं म्हणून मात्र कोर्टात जाता येतं. व्हॉट्सॲपवर आलेल्या जीआरबद्दल शंका असेल तर सहीकडे बघत बसू नका, शेवटच्या परिच्छेदात संकेतांक दिलेला असतो, तो राज्य सरकारच्या वेबसाइटवर टाका, खोटा असेल तर तिथंच कळतं.

प्रश्न (कोल्हापूर): उपमुख्यमंत्रिपद घटनेत आहे का?

उत्तर: नाही. कायद्यानं तो इतरांसारखाच मंत्री. १२ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं यावरची याचिका फेटाळताना हेच सांगितलं, नाव काही द्या, वेगळा अधिकार येत नाही. १९८९ मध्ये देवीलाल यांनी शपथेतच 'उपपंतप्रधान' म्हटलं तेव्हाही वाद झाला होता आणि कोर्टानं त्यांना मंत्रीच मानलं. आपल्याकडे पहिले १९७८ मध्ये नासिकराव तिरपुडे, आणि आंध्रात २०१९ ला एकदम पाच होते, यावरून पदाचा उपयोग प्रशासनापेक्षा पक्षाचा समतोल राखायला किती होतो ते कळतं. मुख्यमंत्री परदेशी गेले म्हणून कारभार आपोआप यांच्याकडे येत नाही, तसा आदेश काढावा लागतो.

प्रश्न (ठाणे, खासगी कंपनीत): बाहेरचा माणूस केंद्रात उपसचिव होऊ शकतो असं ऐकलं. जाहिरात कुठं बघायची?

उत्तर: होऊ शकतो, कंत्राटी पद्धतीनं. पण ऑगस्ट २०२४ मध्ये यूपीएससीनं सहसचिव, संचालक आणि उपसचिव मिळून ४५ जागांची जाहिरात काढली आणि आरक्षणाचं काय यावर एवढा गदारोळ झाला की तीनच दिवसांत, २० ऑगस्टला, ती मागे घेतली. यूपीएससीची साइट बघत राहा, नोकरी मात्र आत्ताच सोडू नका.

प्रश्न (जळगाव): माझं काम एका मोठ्या साहेबांकडे अडकलंय. त्यांचे ओएसडी फोनवर म्हणाले 'झालं समजा, साहेबांशी बोललोय'. ते साहेबांचे डेप्युटीच ना? त्यांच्या शब्दावर पुढची ऑर्डर देऊ का?

उत्तर: देऊ नका. ओएसडी, म्हणजे विशेष कार्य अधिकारी, हा कायद्यानं कुणाचाच डेप्युटी नाही. खासगी सचिव पण नाही, पीए तर नाहीच. त्यांचं वजन असतं, कधी कधी सचिवापेक्षा जास्त असतं हे मला कुणी शिकवायला नको, पण त्यांच्या फोनला फाइलवर जागा नाही. तुम्हाला हवंय ते एकच, जावक क्रमांक आणि तारीख असलेलं, अधिकार असलेल्या माणसाच्या सहीचं पत्र. ओएसडींना गोड आवाजात विचारा, 'साहेब, आदेशाचा जावक नंबर मिळेल का?' आदेश खरंच निघाला असेल तर दहा मिनिटांत नंबर व्हॉट्सॲपवर येतो. 'उद्या बघू' म्हणाले तर फाइल अजून टेबलवरच आहे असं धरून चाला, आणि आवक शाखेत तुमच्या अर्जाची पोच घेतली नसेल तर ती आधी घेऊन ठेवा, कारण पुढे माहिती अधिकारात अर्ज टाकायची वेळ आली तर त्या पोचेवरचा नंबरच लागणार आहे.